पाण्यासाठी कर्ज काढा, पण दिलेला शब्द पाळा!



2025 मध्ये आपल्या सुरत महानगरपालिकेने 200 कोटींचे हरित रोखे थेट जनतेसाठी खुले केले. सार्वजनिक कामासाठी घरोघरची बचत मागण्याचा हा रिवाज पुढे वाढतच जाणार. म्हणूनच नर्मदा बॉण्डची हकीकत जुन्या घरांनी नव्या पिढीला सांगितली पाहिजे.

सरदार सरोवराचे पाणी उत्तर गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छच्या कोरड्या मुलखाला न्यायचे होते. जागतिक बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. विस्थापितांच्या प्रश्नावर 1992 मध्ये मोर्स समितीचा कडक अहवाल आला आणि मार्च 1993 मध्ये उरलेल्या कर्जावर सरकारला पाणी सोडावे लागले. मग नर्मदा निगमाला आठवण झाली ती सामान्य माणसाची! 3,600 रुपये द्या आणि वीस वर्षांनी, जानेवारी 2014 मध्ये, 1 लाख 11 हजार घ्या, असा वायदा झाला. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, म्हातारपणाची सोय असा हिशेब मांडून लोकांनी पैसे दिले.

पुढे व्याजदर घसरले आणि हा वायदा निगमाला जड वाटू लागला. पंधराव्या वर्षी 50 हजार घेऊन बाहेर पडण्याची सोय होती, पण ती बॉण्डधारकाच्या मर्जीची होती. 2008 मध्ये गुजरात विधानसभेने कायदा करून तोच अधिकार निगमाच्या हाती दिला. जानेवारी 2009 मध्ये 50 हजार हातावर ठेवून बॉण्ड मोडीत काढले गेले.

कोणी म्हणेल, 3,600 चे पंधरा वर्षांत 50 हजार, म्हणजे दरसाल 19 टक्के पडले. मग रडता कशाला? शिवाय वाचलेला पैसा जनतेचाच. हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. तेच 50 हजार पाच वर्षे 9 टक्क्यांनी बँकेत ठेवले तरी 77 हजारांच्या आसपासच होतात. कबूल केलेल्या रकमेपेक्षा एका बॉण्डमागे सुमारे 34 हजार कमी! व्याजदर वाढले असते, तर निगमाने आपणहून जास्त दिले असते काय? नफा झाला तर करार पवित्र आणि तोटा दिसला की नवा कायदा, हा कुठला न्याय?

आम्ही पाण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या विरोधात नाही. आपल्यापैकी कित्येक घरे खानदेशातल्या कोरड्या शेतीमुळेच धुळे, जळगाव, नंदुरबार सोडून लिंबायतला आली. पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवू नये. नर्मदेचे पाणी कच्छपर्यंत पोहोचले, याचा आनंदच आहे. पण सावकाराचे कर्ज घेतलेल्या शेतकऱ्याला कधी कागद बदलून मिळतो का? त्याच्यासाठी एक नियम आणि सरकारसाठी दुसरा, हे चालणार नाही.

म्हणून मते मागायला येणाऱ्या प्रत्येक आमदार-नगरसेवकाला, पक्ष कोणताही असो, आपण तीन गोष्टी विचारू या. पहिली, मुदतीआधी रोखे परत करण्याचा हक्क कोणाचा, हे मराठी-गुजरातीत ठळक अक्षरांत छापणार का? दुसरी, जमलेल्या पैशाचा आणि झालेल्या कामाचा हिशेब दरवर्षी वॉर्डात मांडणार का? तिसरी, एकदा ठरलेल्या अटी पुन्हा कायद्याने बदलणार नाही, अशी हमी देणार का?

सरकारकडे धरणे बांधायला पैसा नसतो, तेव्हा ते आपल्या विश्वासावर उभे राहते. तो विश्वास एकदा आटला, तर कोणत्याही कालव्याने परत आणता येणार नाही.

जय महाराष्ट्र! जय गुजरात!