चुलीपुढील समता

भटजीवांचून लग्न लावण्याची रीत सत्यशोधक समाजानें १८७३ सालीं सुरू केली, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. या लग्नांसाठीं जोतीराव फुले यांनीं जीं मंगलाष्टकें रचलीं, त्यांत वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि त्यांसाठीं झटण्याची शपथ वर चारचौघांसमक्ष घेतो. त्या शपथेचें पुढें घरांत काय होतें, एवढेंच आज आम्हांस विचारावयाचें आहे.

पहांटे नवऱ्याच्या आधीं उठून ती पाणी भरते, शेणगोठा करते, भाकऱ्या थापते, आणि पोर कडेवर घेऊन खुरपणीस जाते. दिवस मावळतां दोघेंही एकाच वाटेनें घरीं येतात. तो ओसरीवर तंबाखू मळीत बसतो. ती चुलीपुढें बसते. पोर रडलें तर तो बसल्या जागेवरून ओरडतो, "त्याला घे कीं गं !" कुंभाराघरीं माती चाळणारी तीच, कोष्ट्याघरीं कांड्या भरणारी तीच, पण मडकें कुंभाराचें आणि लुगडें कोष्ट्याचें! ती काय करते म्हणून विचारलें तर नवरा सांगतो, "कांहीं नाहीं, घरींच असते."

हें आम्ही मनचें सांगत नाहीं. सरकारनें २०१९ सालीं देशभर वेळेची पाहणी केली. तींत घरकाम करणाऱ्या बाईचीं दिवसाचीं २९९ मिनिटें त्यांत जातात व पुरुषाचीं ९७, असें आढळलें. शंभरांतील सुमारें ७४ पुरुषांनीं तर त्या दिवशीं घरकामास हातच लावला नव्हता.

कोणी म्हणतील, हें बायकांचेंच काम, पूर्वापार चालत आलेलें. बाबांनो, जन्मावरून काम ठरतें, हें भटजी सांगत होता तेव्हां तें खोटें होतें. मग तुमच्या तोंडीं तें खरें कसें झालें? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांस असाच जाब विचारला. आपल्याच गोटांतील लोकांसही तें रुचलें नाहीं. जोतीराव मात्र 'सत्सार' काढून १८८५ सालीं त्यांच्या बाजूनें उभे राहिले.

यास फंड लागत नाहीं कीं कायदा लागत नाहीं. ती भाकरी थापीत असतां पोर आपण घ्यावें. पाण्याच्या दोन खेपा आपण आणाव्या. मुलीबरोबर मुलालाही भांडीं घासावयास बसवावें. ज्या घरांत बाई उरलेंसुरलें खाऊन शेवटीं निजते, त्या घरच्या कारभाऱ्यानें समतेच्या सभेंत टाळ्या वाजवूं नयेत. आधीं घरीं जाऊन पोर उचलावें !