दुसऱ्याची अर्धी गाडी

मंडळी, जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत "नव्वद टक्के काम झालंय, फक्त जोडायची बाकी आहे" असं वाक्य दिसलं की पाकीट घट्ट धरावं आणि उलट्या दिशेने चालू लागावं, असं मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आलोय. इंजिनियर माणसाला माहीत असतं की उरलेल्या दहा टक्क्यांनाच नव्वद टक्के वेळ लागतो. आणि तरीही २०१८ च्या ऑक्टोबरात हेच वाक्य वाचून मी भाड्याचा ट्रेलर घेतला, तीन तास गाडी हाकली आणि मिशिगनमधल्या एका खेड्यातल्या गोठ्यातून १९५१ सालची दोन दारांची शेव्हरोले घरी आणली. बायको दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "हिला खुर्च्या कुठायत?"

खुर्च्या नव्हत्या. पुष्कळ काही नव्हतं. जे होतं ते चौदा खोक्यांत होतं.

गाडी ज्यांची होती ते गृहस्थ कारखान्यात डाय आणि साचे करणारे कारागीर. निवृत्तीनंतर त्यांनी ही घेतली आणि आपल्या तरुणपणातली गाडी करायला घेतली. म्हणजे जशी कारखान्यातून आली तशी नव्हे. महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं स्वस्तातली सेकंडहँड गाडी घ्यायची, तिच्यावरचं क्रोम काढून भोकं बुजवायची, गाडी जमिनीलगत खाली आणायची, सांधे शिशाने भरून सगळं अंग एकसंध गुळगुळीत करायची. सॅम आणि जॉर्ज बॅरिस हे दोघे भाऊ यातले नामांकित. शिशामुळे वजन वाढायचं म्हणून अशा गाड्यांना थट्टेने लेड स्लेड, म्हणजे शिशाची घसरगाडी, असं नाव पडलं. आमच्या गृहस्थांना असलीच गाडी हवी होती. अर्ध्यावर आले आणि हात थांबले. पुढे ते गेले. त्यांच्या पत्नीने दोन वर्षं वाट पाहिली आणि मग जाहिरात दिली.

आता 'अर्धी' म्हणजे काय ते सांगतो. बॉनेटवरचं पक्ष्यासारखं चिन्ह आणि डिकीची मूठ काढून तिथला पत्रा सपाट केलेला. डाव्या दिव्याची कडा मडगार्डलाच वेल्डिंगने जोडून शिशाने अशी भरलेली की दिवा पापणीच्या आत गेलेल्या डोळ्यासारखा दिसतो. उजवा दिवा मात्र कारखान्यातून आला तसा. मूळचं २१६ घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन काढून त्याच घराण्यातलं नंतरचं २३५ बसवलेलं. हे शहाणपणाचं काम, कारण जुन्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तेल मुख्यतः उडवून आणि फवारून मिळायचं, १९५४ नंतरच्या २३५ मध्ये ते पंपाने दाबाखाली जातं. वायरिंग अर्धं सहा व्होल्टचं, अर्धं बारा व्होल्टचं. ब्रेकना हातही लावलेला नाही.

अशी गाडी घरी आली की सल्ला देणारे दोन गोटांत येतात. पहिला गोट सोवळ्यातला. त्यांच्या मते त्या माणसाने एक चांगली गाडी बिघडवली. मडगार्डं फेकून द्या, मूळची मिळवा, गाडी १९५१ ची होती तशी करा. दुसरा गोट म्हणतो, आता गाडी तुझी, सगळं उखड, आठ सिलिंडरचं नवं इंजिन घाल, वातानुकूलन घाल, तुला हवं ते कर. दोन्ही गोटांचं एका बाबतीत एकमत आहे: आधीच्या माणसाचं काम हा कचरा.

मला हे मान्य नाही. शेव्हरोलेने त्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. मूळ स्वरूपातल्या १९५१ च्या शेव्हरोले आजही अमेरिकेत कुठल्याही जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात दिसतात. मूळचं मडगार्ड पैसे टाकले की मिळतं. पण हे डावं मडगार्ड जगात एकच आहे. ते एका माणसाने टॉर्च आणि लाकडी थापी घेऊन हाताने घडवलंय. दहा लाखांतलं एक वाचवायला एकुलतं एक भंगारात टाकायचं, हा कसला हिशेब?

याला थोर दाखलाही आहे. बॅरिस बंधूंनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बॉब हिरोहाता या तरुणासाठी १९५१ ची मर्क्युरी घडवली. ती पुढे हात बदलत गेली आणि १९५९ मध्ये एका शाळकरी मुलाने ती ५०० डॉलरला घेतली. तोवर तिचा रंग बदललेला होता. त्या मुलाने ती आयुष्यभर सांभाळली आणि शेवटी दुरुस्त केली ती मर्क्युरी कंपनीने बनवली तशी नव्हे, तर बॅरिसनी बनवली तशी. २०२२ च्या जानेवारीत तिचा लिलाव झाला तेव्हा वीस लाख डॉलरच्या आसपास किंमत आली. आमच्या शेव्हरोलेला वीस हजारही कुणी देणार नाही, तो मुद्दा नाही. मुद्दा असा की 'मूळ' कुठलं धरायचं, हे कारखान्याच्या दारापाशीच ठरतं असं नाही.

पण दुसऱ्याच्या कामाचा आदर करायचा तर आधी ते वाचता यायला हवं. इथे मी स्वतः काय दिवे लावले ते सांगायलाच हवं. पहिल्याच शनिवारी उत्साहाच्या भरात मी पुढची सगळी चाकांकडची रचना, किंगपिन, स्टिअरिंगचे दुवे, मशिनने धुऊन लख्ख केले. तेल, ग्रीस, धूळ सगळं गेलं. नटांवर कुठेकुठे पिवळ्या रंगाचे ठिपके होते, तेही गेले. मला वाटलं, रंग उडालाय.

पुढे दीड महिन्याने इंजिनकडे वळलो. खरं तर ते तसंच सुरू करून बघायचा मोह होता. बॅटरी लावायची, कार्बोरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल टाकायचं की झालं. पण दुसऱ्याने बांधलेलं इंजिन उघडून बघितल्याशिवाय फिरवायचं नाही, हा नियम मी एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून शिकलोय. गाडीखाली झोपून तेलाचं चेंबर उतरवलं. पहिल्या चार सिलिंडरांच्या रॉडच्या नटांवर पिवळे ठिपके. पाचव्या आणि सहाव्याच्या नटांवर काही नाही. पाना लावला आणि पाचव्याचा नट बोटांनी फिरला.

मी तसाच थंड फरशीवर पडून राहिलो. ते इंजिन सुरू केलं असतं तर मिनिटभरात रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. आणि मग लक्षात आलं: पिवळा ठिपका म्हणजे टॉर्क रेंचने हवा तेवढा आवळून झालेला नट. अनेक कारखान्यांत अशी खूण करतात, मी स्वतः करतो! त्या माणसाने कुठवर आलोय ते नटानटावर लिहून ठेवलं होतं आणि मी महाशयांनी पुढच्या चाकांकडचा सगळा मजकूर साबणाने पुसून टाकला होता. मग तिथला एकेक नट पुन्हा तपासत बसलो. तीन सैल निघाले, त्यातला एक स्टिअरिंगचा.

त्या आठवड्यात आईला नाशिकला फोन केला तेव्हा हे सांगितलं. तिला गाडीतलं काही कळत नाही, पण ती म्हणाली, "दुसरीने अर्धा टाकलेला स्वेटर पुढे विणायचा असेल ना, तर आधी वेगळ्या लोकरीवर चार ओळी तिच्या हातासारख्या विणून बघायच्या. तिची ओढ घट्ट की सैल ते कळल्याशिवाय सुई घालायची नाही." माझ्या चार वर्षांच्या इंजिनियरिंगमध्ये हे कुणी शिकवलं नाही. त्यानंतर मी चौदाही खोकी हात न लावता फक्त बघितली. फोटो काढले, चिठ्ठ्या वाचल्या. एका डब्यात त्यांनी स्वतः कातलेली ॲल्युमिनियमची जाड पट्टी होती, पाण्याच्या पंपासाठी. नंतरच्या २३५ चा पंप जुन्या गाडीत तसाच बसवला तर पंखा रेडिएटरला भिडतो, म्हणून. अशी पट्टी विकत मिळते. यांची विकतच्यापेक्षा चांगली होती.

याचा अर्थ त्यांनी केलं ते सगळं डोळे मिटून ठेवावं असा नाही. इथे मी भावनेला गॅरेजबाहेर उभं करतो. गाडी थांबवतं आणि वळवतं ते सगळं नव्याने. मूळ गाडीत ब्रेकचा एकच तेलमार्ग, एक नळी फुटली की चारी चाकांचे ब्रेक गेले. दुहेरी मार्ग अमेरिकेत १९६७-६८ च्या सुमारास सगळ्या गाड्यांत आला. मी दुहेरी बसवला, पुढे डिस्क लावल्या. वायरिंग सगळं काढून बारा व्होल्टचं नवं ओढलं. यात त्यांचा अपमान नाही. आवडीनिवडीत त्यांचं ऐकायचं, ब्रेकमध्ये कुणाचंच ऐकायचं नाही.

आता भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपात राखलेलं आणि मोठे फेरफार न झालेलं वाहन म्हणजे व्हिंटेज. नियम आले हे चांगलंच झालं, नाहीतर जुन्या गाडीवाल्याला दर आरटीओत वेगळं उत्तर मिळायचं. पण 'मूळ स्वरूप' ही अट मला आखूड वाटते. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत शेव्हरोले जोडत होता. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांचं आपल्याकडे पुढे काय झालं? पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांत डिझेल इंजिनं आली, सुटे भाग मिळेनात म्हणून गॅरेजवाल्यांनी हाताने घडवले, पत्रा ठोकून ठोकून नवा केला. तो सगळा इतिहास फेरफार म्हणून खोडायचा? चेसिस बदलून जुन्या नंबराखाली नवी गाडी खपवणारे असतात, त्यांना अडवायलाच हवं. पण जुनं आणि प्रामाणिकपणे केलेलं बदलकाम तपासून त्याची तशी नोंद करणारा एखादा वर्ग नियमात असायला काय हरकत आहे?

असो. गाडीकडे येतो. २०२१ च्या मे महिन्यात इंजिन सुरू झालं. त्यांनी एक्झॉस्टचं मॅनिफोल्ड मधोमध कापून दोन भाग केले होते, पुढच्या तीन सिलिंडरांचा धूर एका नळीतून आणि मागच्या तीनांचा दुसरीतून. त्यामुळे सहा सिलिंडरच्या त्या गरीब इंजिनाला एक खरखरीत, घसा खाकरल्यासारखा आवाज आलाय. मी तो फोनवर त्यांच्या पत्नीला ऐकवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा आवाज तो तोंडाने काढून दाखवायचा, जेवताना."

राहिलं ते उजवं मडगार्ड. सत्तर टक्के शिसं आणि तीस टक्के कथील यांचं मिश्रण १८३ अंशाला मऊ व्हायला लागतं आणि २५० च्या थोडं पुढे पाणी होतं. मधल्या पट्ट्यात ते लोण्यासारखं असतं, तेवढ्यात थापीने सारवायचं. मग कानशीने घासायचं. ग्राइंडर लावायचा नाही, शिशाची धूळ विष आहे. मी भंगारातल्या पत्र्यांवर दोन हिवाळे सराव केला. दर वेळी काम खाली ओघळून जमिनीवर.

सराव करताना डाव्या बाजूकडे नीट बघायची सवय लागली. दिव्याच्या वरचा भाग आरशासारखा आहे. पण खालच्या कडेला, शेवटच्या चार-पाच इंचांत, बोट फिरवलं तर बारीक लाटा लागतात. पत्नीला विचारलं तेव्हा कळलं, त्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले होते.

सोवळ्या गोटातला एक मित्र म्हणाला, तेवढ्या लाटा पुट्टीने भरून टाक, रंगाखाली कुणाला दिसणार आहे. मी भरल्या नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा वार्षिक मेळावा होता, तिथे गाडी नेली ती तशीच: डावा डोळा पापणीत, उजवा उघडा, अंगावर राखाडी प्रायमर. लोक हसत होते, फोटो काढत होते. यंदा उजव्या मडगार्डवर पहिला थर टिकलाय. खालची कडा माझीही लहरीच आलीय, आणि माझे हात तर अजून कापत नाहीत.