'हिंदू' वाचायची का? वऱ्हाडातल्या माणसानं तरी वाचावीच

भालचंद्र नेमाडेंची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' 2010 साली आली. 2014 चं ज्ञानपीठ नेमाडेंना जाहीर झाल्यावर माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत ती पोहोचली अन् तिथंच शोकेसमध्ये बसली. विचारलं की उत्तर ठरलेलं : "पाच पानं वाचले बावा, काही समजलं नाही, ठिवून देल्लं."

गंमत अशी की याच पुस्तकावर फेसबुकवर भांडायला मात्र सगळे तयार. एक जण नाव पाहून खूश, दुसरा नाव पाहून नाराज, तिसऱ्याला 'अडगळ' शब्दाचा राग. आत काय लिहिलंय ते तिघांनाही माहीत नाही. निवडणुकीच्या दिवसांत तर विचारूच नका.

पुस्तक अवघड आहे, हे खरंच. सहाशेच्या घरात पानं, सरळ गोष्ट नाही. खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो, वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं, तो मोरगावला निघतो. एवढंच कथानक. बाकी आठवणी, भाऊबंदकी, जाती, लमाण, पिकं, बायकांची दुःखं, मधेच हजारो वर्षांपूर्वीचा काळ. पुण्या-मुंबईच्या वाचकाला धाप लागते ती इथं.

पण आपल्याला का लागावी? नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. आपली पूर्णा अमरावती-अकोल्यातून वाहत शेवटी तिकडंच तापीला मिळते. औत, वखर, खळं यांसाठी आपल्याला शब्दकोश उघडावा लागत नाही. खंडेरावाची एक आत्या महानुभाव संन्यासिनी झालेली. शहरी वाचकाला हा पंथ समजावून सांगावा लागेल. रिद्धपूर आपल्या मोर्शी तालुक्यात आहे अन् महानुभाव साधू एसटीत आपल्या शेजारी बसलेला असतो.

आणि त्यातला मुख्य प्रश्न तर अकोट, तेल्हारा, दर्यापूरच्या घरोघरचा आहे. बाप गेला, पोरगा शिकून बाहेर, आता शेतीचं काय? ठेवायची, विकायची, की बटईनं द्यायची? हा प्रश्न आपण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत मिटवतो, इथं त्याला सहाशे पानं मिळाली आहेत. जाड पुस्तकं 'तिकडच्या' लोकांची, आपण फक्त स्पर्धा परीक्षेच्या गाईडा वाचायच्या, हे आपणच ठरवून टाकलंय. अभ्यासिकेत दहा तास बसणारं पोरगं ही कादंबरी वाचू शकत नाही, हे मी मानत नाही.

तरी धास्ती वाटत असेल तर आधी उद्धव शेळक्यांची 'धग' घ्या. 1960 ची, छोटी, अन् संवाद थेट आपल्या वऱ्हाडीतले. बाहेरच्यांना तीच अवघड जाते! कौतिकचं घर सावरताना पाहिलं की मोरगाव परकं वाटणार नाही.

'हिंदू' विकत घ्यायची घाई नको, वाचनालयातून आणा. सुरुवातीच्या उत्खननात जीव रमला नाही तर सरळ मोरगावला उतरा, मागचं नंतर वाचा. अभ्यासक रागावतील, रागावू द्या. दीडशे पानांनंतरही गोडी लागली नाही तर परत करून या, त्यात कमीपणा नाही. फक्त त्या दीडशे पानांच्या आत नावावरून कुणाशी भांडू नका.

कोणी पूर्ण वाचली असेल तर कमेंटमध्ये सांगा, कुठं अडलात अन् कुठं सुटलात.