बारव आटली, फोटो छान आला

सुगी संपली, वाटा कोरड्या झाल्या, की आमच्या गावांकडे हल्ली एक नवे पाखरू उतरू लागते. त्याच्या गळ्यात कॅमेरा असतो, पाठीवर पिशवी असते आणि त्याला 'निसर्गरम्य खेडे' पाहिजे असते. पूर्वी परका माणूस गावात शिरला म्हणजे तो तलाठी, सावकाराचा कारकून किंवा पंचांगवाला जोशी यांपैकी कोणीतरी असे, आणि तो काय घेऊन जाणार हे आम्हांस आधीच ठाऊक असे. हा नवा पाहुणा काही उचलून नेताना दिसत नाही. म्हणून तो काय नेतो याचा विचारही कोणी करीत नाही. तो आज करावा असे आम्ही योजिले आहे.

गेल्या माघातली गोष्ट. आमच्या शेजारच्या गावी असेच एक तरुण गृहस्थ आले. शिकलेले, बोलायला गोड. गावाबाहेर जुनी घडीव दगडाची बारव आहे, ती त्यांच्या मनात भरली. पण नुसती बारव ओकी दिसते, कोणी माणूस हवे. तेवढ्यात माळ्याची एक म्हातारी डोक्यावर निळी प्लास्टिकची घागर घेऊन चालली होती. तिच्या डोळ्यांना चष्मा, पायांत रबरी चप्पल. गृहस्थ म्हणाले, "आजी, जरा या पायरीवर उभ्या राहता का?" आजी राहिली. मग चष्मा काढविला. चप्पल बाजूला ठेवविली. प्लास्टिकची घागर नको म्हणून पाटलांच्या वाड्यातून पितळेची मागविली.

म्हातारी म्हणाली, "लेकरा, हितं पाणी न्हाई रं. सात वरसं झाली बारव आटून. आमी त्या तिकडं टाकीवर भरतो."

"असू द्या आजी, फोटोत पाणी दिसत नाही."

रिकामी घागर कमरेवर घेऊन म्हातारी दहा मिनिटे उन्हात उभी राहिली. काम झाल्यावर त्या सज्जनाने मोठ्या प्रेमाने तिला कॅमेऱ्यात फोटो दाखविला. म्हातारी हसून म्हणाली, "चष्म्याबिगर मला काय दिसतंय बाबा? छानच आला असंल."

महिन्याभराने गावातल्या पोरांना तो फोटो मोबाइलवर सापडला. खाली 'खेड्यातील निवांत जीवन' असे लिहिले होते. म्हातारीचे नाव नव्हते, गावाचे नव्हते आणि सात वर्षे आटलेल्या पाण्याचे तर नव्हतेच. पोरांना आनंद झाला, आपली बारव जगाने पाहिली! आम्हांस त्या आनंदाचे वाईट वाटले.

गृहस्थ वाईट नव्हते हे आम्ही पुन्हा सांगतो. त्यांनी चोरी केली नाही, कोणास टाकून बोलले नाहीत. त्यांना फक्त डोळे उसने मिळाले होते. ते उसने डोळे कोठून आले, हे आमच्या वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण ही आवड मुळात या मातीतली नव्हे.

अठराव्या शतकात विलायतेत विल्यम गिल्पिन नावाचा एक पाद्री होऊन गेला. वाय नदीच्या काठाने केलेल्या प्रवासाचे त्याचे पुस्तक १७८२ साली छापले गेले. देखावा 'चित्रासारखा' केव्हा म्हणावा, याचे धडे त्याने सुखवस्तू लोकांस घालून दिले. त्या काळच्या शौकीन प्रवाशांजवळ एक काळसर, किंचित फुगीर आरसा असे. क्लोद नावाच्या जुन्या फ्रेंच चितार्‍यावरून त्या आरशाला नाव पडले होते. डोंगराजवळ गेले की हे लोक डोंगराकडे पाठ करीत आणि त्याचे प्रतिबिंब त्या आरशात पाहत; का, तर आरशात तो रंगविलेल्या चित्रासारखा दिसे. टॉमस ग्रे हा मोठा कवी १७६९ साली असाच आरसा उघडून चालला असता चिखलाच्या वाटेत उताणा पडला आणि त्याची बोटांची पेरे फुटली. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. आमच्या गडांच्या तटावर दर रविवारी पोरे गडाकडे पाठ करून हातातल्या काचेत स्वतःला आणि गडाला पाहत उभी असतात. त्यांस ही गोष्ट कोणी सांगावी. ग्रेसाहेब चिखलात पडला म्हणून वाचला. आमच्याकडे खाली कडा असतो.

हा गिल्पिन मोठा प्रामाणिक मनुष्य. त्याने एके ठिकाणी साफ कबूल केले आहे की, नीतीच्या दृष्टीने पाहिले तर कष्टाळू कारागीर हा रिकामा रेंगाळणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा चांगला. पण चित्राच्या दृष्टीने पाहिले तर उलटे! म्हणजे घाम गाळणारा लोहार चित्रात बसत नाही. काठीवर हनुवटी टेकून बसलेला गुराखी बसतो. वाचकहो, आमच्या खेड्यांची चित्रे आजही याच नियमाने निघतात की नाही, हे भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहा. बैलगाडी आहे, पण गाडीवान पाठमोरा. नांगरट आहे, पण नांगऱ्या हा क्षितिजावरचा काळा ठिपका.

आणि ज्या काळात तेथले श्रीमंत लोक आरशात खेडी पाहत होते, त्याच काळात ती खेडी मोडत होती. १६०४ पासून १९१४ पर्यंत विलायतेच्या पार्लमेंटाने पाच हजारांवर कायदे करून सुमारे ६८ लाख एकर सामायिक जमिनींना कुंपणे घातली. गायरान गेले, सरपण गेले, गरीब कुणबी मजूर झाला. डॉर्सेट परगण्यात मिडलटन नावाचे बाजाराचे गाव होते. लॉर्ड मिल्टन यास आपल्या वाड्यापुढच्या देखाव्यात ते गाव खुपू लागले. त्याने ते घराघराने पाडविले आणि नजरेआड एका दरीत, १७८० च्या सुमारास, सारख्या घाटाची गवती छपरांची घरे ओळीने बांधून काही लोकांस तेथे बसविले. त्या नव्या गावाचे नाव मिल्टन ॲबस. आज विलायतेतले अगदी सुंदर खेडे म्हणून लोक तेथे फोटो काढावयास जातात. पांढऱ्या भिंती, पिवळी गवती छपरे, पुढे हिरवळ. खरोखरच सुंदर आहे. ज्या गावाला पाडून ते उभे राहिले त्याचा मात्र फोटो नाही.

हेच डोळे पुढे कॅमेऱ्यासह आगबोटीतून आमच्याकडे आले. फोटोची कला १८३९ साली फ्रान्सात जाहीर झाली, आणि १८५४ साली मुंबईत फोटो काढणारांची मंडळी स्थापन झालीसुद्धा. विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन भाग १८६३ व १८६६ साली काढले. त्यांत एक मौज आहे. माणसांचे फोटो एकीकडे काढलेले, मागचा देखावा दुसरीकडचा. दोन्ही कातरून जोडलेले! म्हणजे माणूस उभा होता एका जागी आणि दिसतो दुसऱ्याच जागी. पुढे १८६८ ते १८७५ पर्यंत सरकारने हिंदुस्थानच्या लोकांविषयी आठ मोठे ग्रंथ काढले. त्यांत साडेचारशेंवर फोटो आहेत, आणि बहुतेकांखाली माणसाचे नाव नसून जातीचे नाव आहे. जात तेवढी नोंदवावयाची आणि माणूस पुसून टाकावयाचा, ही विद्या आमच्या देशात आधीपासूनच होती. साहेबाला त्यात फार शिकावे लागले नसेल.

जुने फोटो निरुपयोगी असतात असे मात्र कोणी समजू नये. पडलेले देऊळ, बुजलेला घाट पूर्वी कसा होता हे त्यांवरूनच कळते. आमचे भांडण फोटोशी नाही. त्यातून कोणास वगळले याच्याशी आहे.

आता आमच्या गडांकडे वळू. जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक जिंजीचा, तामिळनाडूतला. आम्हांस अभिमान वाटला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली छत्रपतींवर पोवाडा रचून कुळवाडीभूषण म्हणून त्यांचे नाव घेतले, त्या परंपरेतले आम्ही, आम्हांस वाटणारच. पण त्यानंतर गडांच्या फोटोंचा जो पाऊस पडला, त्यात तट आहे, ढग आहे, सूर्य मावळतो आहे. तट कोणी रचला तो नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. गड बांधणाराचे नाव दगडावर राहिले ते असे, पायरीवर. त्यांच्या हाताखालचे पाथरवट, वडार, बेलदार, गवंडी, चुनखडी भाजणारे लोणारी, छिन्न्या पाजून देणारे लोहार यांस पायरीही मिळाली नाही.

त्यांची सही मात्र गडावर आहे, वाचता आली पाहिजे. गडावरचे पाण्याचे टाके म्हणजे पुष्कळदा मूळची दगडाची खाण. दगड काढला तो तटाला लागला, खड्डा राहिला तो पाण्याला लागला. कडेला नीट पाहिले तर छिन्नीचे तास दिसतात. किती किल्ल्यांवर व वाड्यांशेजारी चुन्याच्या घाणीची गोल चरी आणि दगडी चाक अजून पडलेले आहे. बैल फिरे, चुना मळे, आणि त्या चुन्याने तट धरला. फोटोवाले टाक्यात ढगाचे प्रतिबिंब टिपतात आणि घाणीच्या चाकावर पिशवी ठेवून बसतात! ताक विकणाऱ्या धनगरणीचा फोटो काढतात, पण ती पहाटे किती हंडे घेऊन किती पायऱ्या चढली हे विचारीत नाहीत. ताकाचे पैसे देतात तेवढे ठीक.

सिनेमावाल्यांचे आणखी पुढचे. वाईजवळचे मेणवली गाव त्याच्या घाटासाठी प्रसिद्ध आहे. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात हाच घाट उत्तर प्रदेशातले चरणपूर म्हणून सगळ्या जगाने पाहिला. कथेसाठी नाव बदलावे लागते हे आम्ही जाणतो. तरीसुद्धा कृष्णाकाठच्या माणसाला पडद्यावर आपले गाव दुसऱ्याच्या नावाने पाहताना कसेसेच वाटले असेल.

मग आम्ही काय करावे? वेशीवर फळी लावून फोटोवाल्यांस बंदी करावी असे म्हणणारे काही तरुण आम्हांस भेटतात. आम्हांस ते पटत नाही. आल्या माणसाला पाणी विचारावे हीच गावाची रीत. मात्र माणसाचा फोटो त्यास विचारूनच काढावा, खाली त्याचे व गावाचे नाव घालावे, आणि फोटोचा धंदा होणार असेल तर ज्यास उन्हात उभे केले त्याची मजुरी द्यावी, एवढे ग्रामसभेने ठरवून फळीवर लिहिल्यास कोणाचा अपमान होत नाही.

पण त्याहून मोठे काम आमचे आम्हीच करावयाचे आहे. कॅमेरा आता साहेबाचा राहिला नाही. तो प्रत्येक दुसऱ्या घरात मोबाइलमध्ये आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून आपल्या पिकाचा फोटो काढतो आणि तो सातबाऱ्याच्या नोंदीला जातो. ज्यास आपल्या तुरीचा फोटो सरकारदरबारी पुरावा म्हणून लावता येतो, त्यास आपल्या आजाचा, आपल्या भात्याचा आणि आपल्या मागाचा का येऊ नये?

तेव्हा सकाळच्या तिरप्या उन्हात बाहेर पडा, डोक्यावरच्या उन्हात दगडावरचे तास दिसत नाहीत. लांबून सगळा डोंगर घेऊ नका, जवळ जा. कुंभाराचे हात चाकावर असताना घ्या. सुताराने भरलेली पाभर घ्या आणि तिच्या प्रत्येक भागाला तुमच्या गावी काय म्हणतात ते म्हाताऱ्यांस विचारून लिहा. पाभर पेरणीयंत्राने घालवली, शब्द तरी राहू द्या. आटलेली बारव घ्या, आणि ती कोणत्या साली आटली तेही लिहा. पूर्वी तिच्यावर कोणास पाणी भरू देत नसत हेही लिहा, लाजू नका. ती पायरीही त्याच दगडाची आहे. आईचा फोटो चष्म्यासकट घ्या. मोबाइल फुटतो, विकला जातो, पोरे पुसून टाकतात. म्हणून वर्षातून दहावीस फोटो तालुक्याला जाऊन कागदावर छापून आणा आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख घाला. शाईने घालू नका, ती पुढच्या बाजूस फुटते.

त्या बारवेवरच्या म्हातारीकडे आम्ही मागाहून गेलो होतो. टाकीजवळ ओळीत निळी घागर घेऊन उभी होती. फोटो काढू का विचारले, तर म्हणाली, "काढ, पण ह्या बायाबी येऊ देत त्यात." तो फोटो तिच्या घरी पोचविला आहे. तिने चष्मा लावून पाहिला आणि ओळीतल्या अकरा जणींची नावे सांगितली, ती आम्ही मागे लिहून दिली.

असे फोटो आमच्याकडे कोणी धाडल्यास जागा होईल त्याप्रमाणे छापू. परत पाहिजे असल्यास आपला पत्ता स्पष्ट लिहावा. ज्याखाली माणसांची नावे नाहीत तो फोटो छापला जाणार नाही.