नीट आणि रविवारची पेटी

आमच्या गुडीहत्नूरकडची मुलं दहावीनंतर बायपीसीला गेली की घरून निरोप येतो, "नीट होईपर्यंत गायनवृंदात नको." बंधुभगिनींनो, मला हे पटत नाही.

१८० मिनिटांत १८० प्रश्न, हे सोपं नाही. पण अल्बर्ट श्वाइट्झर तिशीत, १९०५ साली, वैद्यकीय शिक्षणाकडे वळले तेव्हा स्ट्रासबर्गमध्ये शिकवणं, उपदेश आणि ऑर्गन तिन्ही चालू होतं. (थकवा फार यायचा, हेही त्यांनीच लिहिलंय.) पुढे आफ्रिकेत लांबारेनेच्या दवाखान्यासाठी त्याच ऑर्गनच्या मैफलींतून पैसा उभा राहिला.

मात्र पॅरिशनेही जपून मागावं. रविवारच्या मिस्साला पेटी, बस्स. नाताळचं नाटक, गोठ्याची सजावट, वर्गणी त्याच मुलाच्या गळ्यात कशाला? त्यासाठी आम्ही मोठी माणसं आहोत की.