सेवेकऱ्याच्या मनाचाही हक्क

पुणे-दौंड लोहमार्गावरचे केडगाव म्हटले की पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आठवते. १८९६-९७ च्या दुष्काळात होरपळलेल्या मुली-बायकांना रमाबाईंनी आसरा दिला. त्यांच्या मदतीला सातासमुद्रापलीकडून माणसे आली. १८९८ मध्ये केडगावी आलेल्या अमेरिकन मिनी अब्राम्स १९१२ मध्ये भारतातच वारल्या. अशांच्या त्यागाचे गोडवे गायले जातात. त्यांच्या मनाची विचारपूस क्वचितच होते.

परमुलखात मन कसे खचते, हे रमाबाईंनी स्वतः भोगले होते. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला, वांटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात गेल्या. सोबत लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत होत्या. त्याच वर्षी आनंदीबाईंनी तिथे स्वतःचे जीवन संपवले. या धक्क्याने रमाबाई इतक्या हादरल्या की, ऑक्सफर्डला मॅक्सम्युलर यांच्या घरी असताना रात्री त्यांच्या खोलीत मोलकरणीला झोपावे लागे. एवढ्या विदुषीची ही अवस्था झाली, म्हणून तिची श्रद्धा कच्ची होती असे कोण म्हणेल? जखम शरीराला होते, तशी मनालाही होते.

इस्लामच्या इतिहासातही याची जाण आहे. हजरत खदीजा आणि अबू तालिब यांच्या निधनाचे वर्ष ‘दुःखाचे वर्ष’ म्हणूनच ओळखले जाते, प्रेषितांचे (स.) दुःख कोणी झाकून ठेवले नाही. मदीनेत परक्या माणसाला स्थानिक भाऊ जोडून देण्याची रीत त्यांनी घातली. इराणहून आलेले हजरत सलमान असेच अबू दर्दा यांचे भाऊ झाले. अबू दर्दा दिवसा रोजे धरत, रात्रभर नमाज पढत. सलमान यांनी त्यांना जेवायला बसवले, रात्री झोपायला लावले. देहाचा आणि घरच्यांचाही हक्क असतो, हे समजावले. प्रेषितांनी सलमान यांचेच म्हणणे खरे ठरवले.

आज रमजानमध्ये उत्तर प्रदेश-बिहारचे तरुण हाफिज तरावीहसाठी महाराष्ट्रात येतात. कोणी परदेशात इमाम असतो, कोणी मिशनरी, कोणी तिथल्या मंदिरातला पुजारी. हे सगळ्यांचे दुःख ऐकतात. यांचे ऐकणारा कोण? पगार, राहण्याची सोय आणि परवाना पाठवणाऱ्यांच्याच हाती असेल, तर ‘मी थकलो’ म्हणायला जीभ रेटत नाही. मग सब्र म्हणजे गप्प बसणे, असा सोयीचा अर्थ लावला जातो.

म्हणून मशिदीची कमिटी असो वा मिशन, आठवड्याची हक्काची सुटी, घरी जाण्याची रजा आणि आपल्या भाषेत बोलणारा, संस्थेबाहेरचा एक माणूस एवढे तरी द्यायलाच हवे. देशात असलेल्यांसाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी सेवा आहे, तो क्रमांक मशिदीच्या फलकावर लिहायला खर्च येत नाही. दुआ जरूर करावी, पण दुआ मागणाऱ्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवू नये. इफ्तारला इमामसाहेबांपुढे खजूर ठेवताना एवढे तरी विचारावे, ‘हजरत, घरी बोलणे झाले का? झोप लागते ना?’ आणि उत्तर ऐकायला थांबावे.