दुआ, दवा आणि घड्याळ

गेल्या महिन्यात नागपुरातील आमच्या मोहल्ल्यात फजरचा वजू करताना एका चाचांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. 'हवा लागली' म्हणून घरच्यांनी तेलाने मालिश केली, मग दम करून घेतला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत जोहरची अजान झाली होती. चाचा वाचले, पण हात अजून उचलत नाही. त्या सकाळी आम्हीही तिथे होतो आणि गप्प बसलो. म्हणून हे लिहीत आहोत.

फालिज म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी एकतर गुठळीने बंद होते किंवा फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, उपाय मात्र वेगळे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेच रक्तस्रावात दिले तर जीवावर बेतते. म्हणून आधी सीटी स्कॅन. त्यात ताजे रक्त पांढरे दिसते. पण रात्री-अपरात्री स्कॅन वाचणारा तज्ज्ञ प्रत्येक ठिकाणी हजर नसतो.

या अडचणीवर मुंबईच्या 'क्युअर डॉट एआय' या कंपनीने 'डीप लर्निंग' वापरून काम केले. हे शिकणे कसे असते? उर्दूत बे, ते, से यांचा आकार एकच, फरक नुक्त्यांचा. मूल तो व्याख्येने शिकत नाही. पुन्हा पुन्हा पाहून, चुकून आणि सुधारून शिकते. यंत्राचेही तसेच. देशातील सुमारे २० केंद्रांमधून डोक्याचे ३,१३,३१८ स्कॅन डॉक्टरांच्या अहवालांसह जमवले गेले आणि त्यांतील बहुतेक यंत्राला शिकवण्यासाठी वापरले. मग परीक्षा झाली. दिल्लीतील वेगळे ४९१ स्कॅन तीन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वाचले आणि त्यांच्या बहुमताशी यंत्राचे उत्तर ताडून पाहिले. रक्तस्राव, कवटीचे फ्रॅक्चर, मेंदू एका बाजूला सरकणे अशा गोष्टींत ते बऱ्याच अंशी जुळले. हा अभ्यास २०१८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

यंत्र चुकतेही. त्याचा खरा उपयोग रांगेतील धोक्याचा स्कॅन डॉक्टरांसमोर आधी आणण्याचा. निर्णय डॉक्टरांचाच.

पण यंत्राचे काम स्कॅन निघाल्यावर सुरू होते. त्याआधीचे तास आपल्या घरात जातात. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी अचानक दिसले तरी घड्याळ पाहा. माणूस शेवटचा ठीक केव्हा दिसला होता, ती वेळ लिहून ठेवा. तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या.

दुआ थांबवायला कोणी सांगत नाही. ती रुग्णवाहिकेतही करता येते.